बोल्ट फिरतोय पण सुटत नाही: साइड मिररमागचा सैल रिव्हेट नट काढणे आणि नवा बसवणे

साइड मिररचे दोन बोल्ट सरळ निघतात आणि तिसरा जागच्या जागी फिरत राहतो. पाना उलटा फिरवा, सुलटा फिरवा, बोल्ट ना बाहेर येतो ना आवळला जातो. आटे गेले असं समजून बहुतेक जण आणखी जोर लावतात. खरं तर आटे बहुधा शाबूत असतात, उलट गंजून एकमेकांना नको तितके घट्ट चिकटलेले असतात. सैल झालेला असतो तो पत्र्यातला नट. बोल्ट आणि नट दोघं मिळून पत्र्याच्या भोकात फिरतात आणि प्रत्येक फेऱ्याला भोक थोडं मोठं करतात.

म्हणून आधी नट धरायचा, मग बोल्ट फिरवायचा. आणि नवा नट आणायला निघण्याआधी भोकाकडे बघायचं. मोकळ्या झालेल्या भोकात कोरा नट बसवून पाठवण्याची पद्धत गॅरेजांमध्ये सर्रास आहे. तो नट दिसायला छान दिसतो आणि पावसाळा उलटला की पुन्हा फिरायला लागतो. दोष नटाचा कमी आणि भोकाचा जास्त असतो.

इथे मुख्य उदाहरण घेतलंय ते पिकअप किंवा छोट्या टेम्पोचं, जिथे आरशाचं लोखंडी ब्रॅकेट बाहेरून दोन-तीन एम-६ किंवा एम-८ (६ किंवा ८ मिमी जाडीच्या) बोल्टांनी दरवाजाच्या पत्र्यावर बसतं. कारचा मामला जरा वेगळा असतो, तो शेवटी.

पत्र्याच्या मागे काय असतं

दरवाजाचा बाहेरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा. एम-६ बोल्टाच्या दोन आट्यांमधलं अंतर १ मिमी. म्हणजे नुसत्या पत्र्यात एक आटाही पुरा मावत नाही, त्यामुळे मागे काहीतरी नट लागतोच. पण दरवाजा बंद पेटीसारखा असल्याने मागून नट धरायला हात पोचत नाही. यावरचा एक उपाय म्हणजे रिव्हेट नट. ही आतून आटे असलेली एक छोटी नळी असते आणि तिच्या एका टोकाला चपटी कॉलर असते. नळी बाहेरून भोकात घालायची आणि आतले आटे धरून बाहेरच्या बाजूला ओढायचं. नळीचा मधला पातळ भाग पत्र्याच्या मागे फुगतो आणि पत्रा कॉलर व फुगवट्याच्या मध्ये चिमटला जातो. ही कल्पना विमानांतून आली. अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीने १९३०च्या दशकात विमानाच्या पंखांवर बर्फ फोडणाऱ्या रबरी पट्ट्या बसवण्यासाठी असे नट काढले, कारण तिथेही पंखाच्या आत हात घालायची सोय नव्हती.

पण प्रत्येक फिरणारा नट रिव्हेट नट नसतो. काही गाड्यांत पत्र्याला मागून वेल्ड नट चिकटवलेला असतो. त्याचे वेल्डिंगचे टिपके तुटले की तोही असाच फिरतो. काही ठिकाणी पत्र्याच्या छोट्या पिंजऱ्यात सैल चौकोनी नट असतो. तो थोडा इकडेतिकडे हलतो, ते मुद्दाम ठेवलेलं असतं, त्याला बिघाड समजू नका. पिंजऱ्याचे कान वाकले किंवा गंजून तुटले तरच तो नट फिरतो. यातला आपला प्रकार कोणता, हे ड्रिल हातात घेण्याआधी कळायला हवं. त्यासाठी आतलं पॅनेल काढून टॉर्च मारून बघायचं. हात जात नसेल तर मोबाइल आत घालून व्हिडिओ काढा. गोल, मधे फुगलेली नळी दिसली तर रिव्हेट नट, षटकोनी किंवा चौकोनी नट आणि त्याच्याभोवती वेल्डिंगचे डाग दिसले तर वेल्ड नट.

नट सुटण्याची कारणं थोडक्यात. बसवताना नट पुरता ओढला गेला नाही किंवा मुळातच भोक मोठं होतं, हे सगळ्यात जास्त. त्यानंतर गंज. कॉलरच्या कडेने पाणी शिरतं, पत्र्याची कड खाल्ली जाते आणि चिमटा ढिला पडतो. नट ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट लोखंडी असेल तर ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी आट्यांत दाटते आणि बोल्ट जाम होतो. रत्नागिरी, मालवण, गोव्याकडच्या गाड्यांत खाऱ्या हवेमुळे हे फार लवकर होतं. तिसरं कारण डेंटिंग-पेंटिंग. आरसा न काढता किंवा भोकं न झाकता रंग मारला की आट्यांत रंग आणि लांबी (पुट्टी) भरते. पुढच्या वेळी बोल्ट तिथे अडकतो आणि नटाला सोबत घेऊन फिरतो.

सुरुवात करण्याआधी

आरशाला वायर असेल, म्हणजे मोटरचा आरसा किंवा इंडिकेटर असेल, तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. बाजूच्या एअरबॅगा असलेल्या गाडीत तार काढल्यावर काही मिनिटं थांबूनच दरवाजाला हात लावा, कारण काही गाड्यांत त्यांचा सेन्सर दरवाजातच असतो. काच पूर्ण वर करा, पण त्याआधी, बॅटरी चालू असताना. तार काढल्यावर हे आठवून उपयोग नाही.

पॅनेल काढलं की आत प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला दिसेल. तो पाणी अडवण्यासाठी असतो. फाडू नका, एका कोपऱ्यापासून हळूहळू सोडवा आणि परत चिकटवायचा आहे हे ध्यानात ठेवा. मग दरवाजाच्या तळाशी एक जुनं फडकं पसरून टाका. आत पडणारा प्रत्येक तुकडा, भुसा, वॉशर त्यावर यायला हवा. ॲल्युमिनियमचा तुकडा लोहचुंबकाला लागत नाही आणि दरवाजात राहिला तर प्रत्येक खड्ड्याला वाजत राहतो.

हत्यारांत १० आणि १३ नंबरचे पाने (एम-६ ला १०, एम-८ ला १३), दोन ग्रिप प्लायर (पकडल्यावर लॉक होणारी पक्कड), ड्रिल आणि चांगली एचएसएस (हाय-स्पीड स्टीलची) बिटं, कानशी, वर्नियर (बारीक माप घेणारं साधन), मास्किंग टेप, गंज सोडवणारं तेल. पत्र्यावर कॉलरभोवती टेपचे दोन-तीन थर लावा. पाना निसटला की रंग जातो आणि रंगाचा खर्च सगळ्या कामापेक्षा जास्त येतो.

बोल्ट बाहेर काढणे

तेल मारून थांबा. आतल्या बाजूनेही मारा, कारण नळीचं आतलं तोंड बहुतेक वेळा उघडं असतं आणि तेल तिथून आट्यांत जास्त चांगलं शिरतं. रात्रभर थांबता आलं तर उत्तम. पुढे इपॉक्सी किंवा प्रायमर लावायचा आहे, तेव्हा हे तेल तिथून पुसावं लागणार, म्हणून अंघोळ घालू नका.

पहिला प्रयत्न नेहमी ताणाचा. ब्रॅकेट आणि पत्रा यांच्या फटीत टेप गुंडाळलेला स्क्रूड्रायव्हर किंवा लाकडी पाचर घाला आणि ब्रॅकेट बाहेरच्या बाजूला दाबून धरा. असं केलं की बोल्टाचं डोकं ओढलं जातं, त्याच्यासोबत नटही बाहेर ओढला जातो आणि त्याचा फुगवटा पत्र्याच्या पाठीवर टेकतो. त्या घर्षणामुळे नट थोडा धरला जातो. आता पाना अगदी सावकाश उलटा फिरवा. बोल्ट पाव फेरा जरी सुटला तरी त्याला परत किंचित आत फिरवा, मग पुन्हा बाहेर. अशा मागेपुढे करण्याने आट्यांतली भुकटी निघते. घाई केली की नट परत फिरायला लागतो. पाचर फार जोरात ठोकली तर पत्रा वाकतो, एवढं सांभाळा. या कामाला दोन माणसं लागतात, एक पाचरीवर आणि एक पान्यावर.

जमलं नाही तर मागून धरायचं. पॅनेलच्या भोकातून ग्रिप प्लायर नळीच्या फुगवट्यावर लावता येतो का पाहा. पुष्कळ दरवाजांत आरशामागे मजबुतीचा पत्रा आडवा येतो, तरी लांब तोंडाचा प्लायर बसतो. फुगवटा गोल असतो, म्हणून प्लायरचे दात खोलवर रुतायला हवेत. प्लायर लावून तो दरवाजाच्या आतल्या एखाद्या कडेवर अडकवून ठेवला की हात मोकळा होतो. बोल्ट सुटण्याची सगळ्यात जास्त शक्यता याच पद्धतीत असते. मी तर पॅनेल काढल्यावर बाकी काही करण्याआधी हेच बघतो.

वेल्ड नट असेल तर काम सोपं. मागून साधा रिंग पाना लावायचा.

नट धरायला कुठूनच हात पोचत नसेल, तर बोल्टाचं डोकं उडवायचं. बोल्ट फिरत असेल तर ड्रिलही त्याला फिरवणार, भोक पडणारच नाही. इथे पुष्कळ जण अडतात. उपाय साधा आहे. बाजूने ग्रिप प्लायर डोक्याच्या षटकोनावर घट्ट लावा, तो कुणाला तरी धरायला सांगा आणि मधोमध सेंटर पंचने खूण करा. आधी ३ मिमी बिट, मग एम-६ बोल्टाला साडेसहा मिमी. सावकाश चालवा आणि मधूनमधून तेलाचा थेंब टाका. एम-६ च्या षटकोनी डोक्याची उंची ४ मिमी असते, एम-८ ची सव्वापाचच्या आसपास. तेवढं खोल गेलात की डोकं बांगडीसारखं बिटावर निघून येतं. त्याच्या पुढे ड्रिल नेऊ नका. ॲलन बोल्ट असेल तर वरचा खळगाच बिटाला मध्य देतो, तिथे पंचाची गरज नाही.

ग्राइंडरने डोकं उडवणं जलद, पण ठिणग्या काचेवर बसतात आणि काचेत बारीक टिपके कायमचे राहतात. रंगालाही त्या चिकटतात आणि काही दिवसांनी तिथे गंजाचे ठिपके दिसतात. ग्राइंडर चालवायचाच असेल तर काच आणि पत्रा ओल्या गोणपाटाने झाका. डोळ्यांवर चष्मा दोन्ही पद्धतींत हवाच.

डोकं गेलं की ब्रॅकेट सहज निघतं. पत्र्यावर नटाची कॉलर आणि तिच्यातून बाहेर आलेला बोल्टाचा थोटा राहतो. आता त्या थोट्याला बाइंडिंग वायरचे दोन वेढे घट्ट पिळून बांधा आणि वायरचं दुसरं टोक बाहेर आरशाच्या दुसऱ्या भोकाला अडकवा. मग थोटा ग्रिप प्लायरने पकडून कॉलर दोन समोरासमोरच्या बाजूंनी कानशीने घासा. ती पातळ झाली की बारीक छिन्नी तिच्याखाली सरकवून उचला. कॉलर तुटली की नळी आत ढकलायची. ती वायरला लोंबकळत राहते आणि पॅनेलच्या भोकातून बाहेर काढता येते. फडक्यावर शोधाशोध नको.

भोक

हा सगळ्या कामाचा गाभा आहे आणि इथेच लोक घाई करतात.

भोकाची कड साफ करा. गंज असेल तर सँडपेपरने चकाकी येईपर्यंत घासा. भोवतालचा पत्रा बोटाने दाबून बघा, नखाखाली पापुद्रे निघत असतील तर पत्रा आतून खाल्ला गेलाय आणि तिथे कुठलाच नट टिकणार नाही. पत्रा ठीक असेल तर वर्नियरने भोक उभं आणि आडवं, दोन्ही मापा. गोल रिव्हेट नटांसाठी भोकं साधारण अशी लागतात: एम-५ ला ७ मिमी, एम-६ ला ९ मिमी, एम-८ ला ११ मिमी. पाकिटावर वेगळा आकडा असेल तर पाकीट खरं.

एम-६ चं भोक दोन्ही दिशांना ९.० ते ९.१ भरलं, तर नशीब चांगलं. अंगावर उभ्या खाचा असलेला नवा नट सरळ बसवा.

९.३-९.४ भरलं तर षटकोनी अंगाचा नट घ्या. त्याच्या दोन समांतर बाजूंमधलं अंतर ९ मिमी असतं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण १०.४. गोल भोकाला त्रिकोणी कानशीने सहा कोपरे पाडायचे. कंटाळवाणं काम आहे. नट सतत लावून बघत, थोडं थोडं घासत जायचं. नट हाताने दाबून आत जायला हवा आणि हाताने फिरता कामा नये. असा नट नुसत्या चिमट्यावर विसंबून राहत नाही, कोपऱ्यांनी पत्र्यात अडकतो.

त्याहून मोठं किंवा स्पष्ट लंबगोल भोक झालं असेल, तर दोन रस्ते. एक, ११ मिमीचं भोक करून एम-८ नट बसवणे. यात ब्रॅकेटचं भोकही मोठं करावं लागतं आणि ब्रॅकेटला तेवढं अंग हवं. दोन, आतून पट्टी. मला स्वतःला पट्टीच आवडते. ३ मिमी जाडीची लोखंडी पट्टी घ्या, तिच्यात आरशाच्या दोन भोकांच्या अंतरावर दोन भोकं पाडा आणि मागे साधे नट वेल्ड करून घ्या. फॅब्रिकेशनवाला हे दहा मिनिटांत करून देतो. पट्टीवर झिंक प्रायमर मारून ती पॅनेलच्या भोकातून आत सरकवायची आणि बाहेरून दोन्ही बोल्ट त्यात लावायचे. एका पट्टीत दोन नट असले की त्यातला एकही एकटा फिरू शकत नाही, कारण दुसरा बोल्ट पट्टीला धरून असतो. शिवाय आरशाचा ताण पाऊण मिलिमीटरच्या दोन ठिपक्यांवर न येता पट्टीभर पसरतो. मालवाहू गाडीच्या लांब दांड्याच्या आरशाला, जो वाऱ्याने आणि खड्ड्यांनी सतत थरथरत असतो, हीच दुरुस्ती सगळ्यात भरवशाची. पट्टी आत जाईल एवढी जागा आहे का, हे आधी पुठ्ठ्याचा तुकडा कापून बघा.

डेंटरकडून भोक वेल्डिंगने भरून घेऊन नवं पाडण्याचा रस्ताही आहे, पण दरवाजात वायरिंग, काच आणि रबर असताना वेल्डिंग म्हणजे रंगही गेला आणि आग लागण्याची धास्तीही. पत्राच कुजला असेल तेव्हाच त्या वाटेने जा.

भोक तयार झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत ते मिळतं. थिनर वापरू नका, बाजूचा रंग मऊ पडतो. उघड्या लोखंडाला झिंक प्रायमर लावा आणि पूर्ण वाळू द्या.

कोणता नट घ्यायचा

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत गेलात तर दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "लोखंडी देऊ की ॲल्युमिनियम?" ॲल्युमिनियमचा नट बसवायला सोपा, हातात हलका आणि स्वस्त, पण आरशाच्या कामाला तो नको. पत्रा लोखंडी आहे, बोल्ट लोखंडी आहे, तर नटही झिंक चढवलेला लोखंडी घ्या. स्टेनलेसचा मोह होतो. तो स्वतः गंजत नाही, पण रंग खरवडलेल्या लोखंडी पत्र्याला ओलाव्यात जास्त खातो.

दुसरी गोष्ट अंगाची. गुळगुळीत गोल नट घेऊ नका. अंगावर उभ्या खाचा असलेला किंवा षटकोनी घ्या. तिसरी गोष्ट पकडीची जाडी. प्रत्येक नट ठराविक जाडीच्या पत्र्यासाठी असतो आणि ती पाकिटावर ०.५ ते ३.० अशी लिहिलेली असते. आरशाच्या जागी बहुधा दुहेरी पत्रा असतो, म्हणून कडेची जाडी मापून घ्या. जाडी मर्यादेबाहेर असेल तर नळी चुकीच्या जागी फुगते आणि नट पहिल्या दिवसापासून ढिला राहतो. दोन-चार नट जास्तीचे आणा. एक-दोन सरावाला लागतील.

नवा नट बसवणे

रिव्हेट नटाचं हत्यार असेल तर प्रश्न नाही. पक्कडीसारखं छोटं हत्यार एम-५ पर्यंत आरामात आणि एम-६ च्या लोखंडी नटाला दात ओठ खाऊन चालतं. एम-८ ला दोन लांब दांड्यांचं लागतं. एका आरशासाठी ते विकत घेण्यात अर्थ नाही. बोल्ट आणि नटाने काम होतं, मात्र ते नीट समजून करायला हवं.

एम-६ चा लांब बोल्ट घ्या, डोक्यावर ८.८ किंवा त्याहून मोठा आकडा असलेला (हा बोल्टाच्या ताकदीचा दर्जा). साधा बोल्ट ताणला जातो आणि नटाचे आटेही सोबत नेतो. बोल्टावर साधा नट पार डोक्यापर्यंत चढवा. त्यापुढे दोन जाड वॉशर घाला आणि नट व वॉशर यांच्यामध्ये, तसंच दोन वॉशरांच्या मध्ये भरपूर ग्रीस लावा. पुढे रिव्हेट नट लावा, बोल्टाचं टोक त्याच्या आतल्या तोंडातून किंचित बाहेर येईपर्यंत. कॉलरखाली पॉलियुरेथेन सीलंटची बारीक रेघ फिरवा आणि हे सगळं भोकात बसवा.

आता एका पान्याने बोल्टाचं डोकं जागेवर धरून ठेवायचं. ते अजिबात फिरता कामा नये. दुसऱ्या पान्याने मधला नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा. नट वॉशरला कॉलरवर दाबतो आणि बोल्ट बाहेर ओढला जातो. एम-६ ला प्रत्येक फेऱ्याला १ मिमी, तर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत नुसती मोकळीक जाते, मग नळी फुगू लागते तशी हाताला एकसारखी, जड पण मऊ ओढ जाणवते. नंतर एका ठिकाणी ती ओढ एकदम कडक होते. तिथे थांबा. त्यापुढचा अर्धा फेरा आटे ओरबाडायलाच पुरतो. कडक झाल्याचा हा फरक शब्दांत सांगून कळत नाही, म्हणून आधी भंगारातल्या पत्र्याच्या तुकड्यात तेच भोक पाडून एक नट बसवून बघा आणि मागून फुगवटा कसा आलाय ते पाहा. तो सगळीकडून सारखा आणि पत्र्याला चिकटलेला हवा.

काम चालू असताना कॉलर फिरू लागली तर ग्रीस कमी पडलंय. थांबा, सगळं मोकळं करा, ग्रीस लावा आणि कॉलर पातळ पान्याने किंवा ग्रिप प्लायरच्या टोकाने धरून पुन्हा सुरू करा.

बोल्ट काढून घेतल्यावर कॉलरवर आणि पत्र्यावर मिळून एक रेघ मार्करने ओढा. आता आरशाचा खराखुरा बोल्ट, खाली वॉशर आणि ब्रॅकेटच्या जाडीचा तुकडा घालून, नेहमीच्या जोराने आवळा आणि सोडा. रेघ तुटली नाही तर नट बसला. तुटली तर आत्ताच बाहेर काढा. आरसा बसवल्यावर हे कळण्यात फार मनस्ताप आहे.

जाता जाता इपॉक्सीबद्दल. फिरणाऱ्या नटाभोवती मागून एम-सील थापून काम भागवणारे आहेत. जाम झालेला बोल्ट एकदाच काढण्यापुरता नट धरून ठेवायला हा उपाय कधी कधी चालतो, पण जागा तेलकट नसेल तरच. कायमची दुरुस्ती म्हणून पत्र्यावर ते टिकत नाही, कारण उन्हात पत्रा तापतो, पावसात थंड होतो आणि लेप कडेने सुटतो.

आरसा परत चढवणे

जुने बोल्ट वापरायचे असतील तर आटे तारेच्या ब्रशने साफ करा आणि नव्या नटात ते हाताने शेवटपर्यंत जातात का बघा. बाकीच्या जुन्या नटांत रंग किंवा गंज असेल तर एम-६ गुणिले १ चा टॅप (आटे पाडायचं, साफ करायचं हत्यार) हलक्या हाताने फिरवून घ्या. त्या नटांना जोर लावू नका, नाहीतर तेही सुटतील आणि काम तिप्पट होईल.

ब्रॅकेटखालची रबरी गादी फाटलेली असेल तर बदला. पाणी तिथूनच शिरतं. वायर असेल तर आधी ती आत सोडा आणि काच वर-खाली होताना अडकणार नाही अशी बांधा. मग सगळे बोल्ट हाताने दोन-तीन आटे लावा आणि त्यानंतरच, आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरा लावायला गेलात तर ब्रॅकेट तिरकं बसतं, दुसरा बोल्ट आडवे आटे धरतो आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर.

जोर किती? गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच. ८.८ च्या एम-६ बोल्टाला एरवी १० न्यूटन-मीटरच्या आसपास चालतात, पण पातळ पत्र्यातल्या रिव्हेट नटावर मी ७-८ च्या पुढे जात नाही. टॉर्क पाना नसेल तर पाना डोक्यापासून १० सेंटिमीटरवर धरा. तिथे सात-आठ किलोचा जोर म्हणजे तेवढंच. लांब पाना टोकाला धरला की हाताला काही कळत नाही आणि नट फिरतो.

आट्यांना निळं, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून लावायचा द्रव) एक थेंब लावा. लाल नको, ते पुढच्या वेळी बोल्टाला सुटूच देत नाही. समुद्राजवळच्या गाडीला थ्रेडलॉकरऐवजी अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं ग्रीससारखं मलम) आणि स्प्रिंग वॉशर बरा. अँटीसीझ लावल्यावर तेवढ्याच जोराला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून हात आणखी हलका ठेवा.

पॅनेल लावण्याआधी फडकं बाहेर काढा आणि दरवाजाच्या तळाची पाणी जाण्याची भोकं तारेने मोकळी करा. बॅटरीची तार जोडा, आरशाची मोटर चालवून बघा, काच वर-खाली करा. एकाने बाहेरून पाण्याचा पाइप सोडायचा आणि दुसऱ्याने आतून टॉर्चने बघायचं. कोरडं असेल तर प्लॅस्टिकचा कागद चिकटवा आणि पॅनेल लावा.

कार असेल तर

बहुतेक कारमध्ये बोल्ट उलट्या दिशेने जातात. खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यातलं त्रिकोणी झाकण काढलं की आतून तीन बोल्ट दिसतात आणि ते पत्र्यातून आरपार जाऊन आरशाच्या बुडात लागतात. फिरतो तो आरशाच्या प्लॅस्टिकमध्ये रुतवलेला पितळी नट. इथे पत्र्याचं भोक दोषी नाही, म्हणून रिव्हेट नट आणून उपयोग नाही.

काढताना युक्ती तीच. एकाने आरसा बाहेरून घट्ट ओढून धरायचा, दुसऱ्याने आतून सावकाश सोडायचं. नाही सुटला तर आतूनच डोकं ड्रिल करायचं, एअरबॅगची किंवा आरशाची वायर बाजूला बांधून. आरसा हातात आला की थोटा आणि पितळी नट दोन्ही ओढून काढता येतात.

प्लॅस्टिकचं भोक फाटलेलं नसेल तर नट पुन्हा बसवता येतो. पितळी नटाच्या अंगावरच्या खाचा आणि भोकाची आतली बाजू साफ करा, सँडपेपरने खरखरीत करा, अल्कोहोलने पुसा. २४ तासांत पक्कं होणारं हळू इपॉक्सी, अराल्डाइटसारखं, दोन्हीला लावून नट दाबा. पाच मिनिटांत वाळणारं घेऊ नका, ते उन्हाच्या तापात लवकर मऊ पडतं. नट सरळ बसावा म्हणून त्यात बोल्ट लावून ठेवायचा, पण बोल्टाला आधी मेण किंवा ग्रीस चोळा, नाहीतर इपॉक्सी त्यालाच चिकटवून टाकेल. दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. प्लॅस्टिक शाबूत असेल तर सोल्डरिंग आयर्नने पितळी नट तापवून परत रुतवण्याची पद्धतही चालते. काचतंतू घातलेल्या नायलॉनला मात्र २२० अंशांच्या पुढची उष्णता लागते आणि साध्या आयर्नला ती टिकवणं जड जातं.

इथे थ्रेडलॉकर अजिबात लावू नका. ते पातळ असताना एबीएससारख्या प्लॅस्टिकला लागलं तर बारीक तडे जातात, आणि ते लगेच दिसत नाहीत. आवळण्याचा जोरही पत्र्याच्या निम्माच ठेवा.

व्यावसायिक गाडी असेल तर फिटनेस तपासणीत आरसे पाहिले जातात, म्हणून हे काम तारखेच्या आदल्या संध्याकाळी काढू नका, इपॉक्सी आणि प्रायमर वाळायलाच एक दिवस जातो. काम झाल्यावर शे-दोनशे किलोमीटरने बोल्टांवर पाना लावून बघा. त्याच वेळी दुसऱ्या दरवाजाच्या आरशाचे बोल्ट एकेक करून काढा, साफ करा आणि किंचित अँटीसीझ लावून परत बसवा. तिथले नट अजून धरून आहेत तोवर हे पंधरा मिनिटांचं काम आहे.